मागच्या डाव्या चाकावरचं वजन

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच गोड मानून घे. खरोखरचा घालायला जमिनीवर गेलो तर मला उठवायला दोन माणसं लागतील, अशी सध्या कमरेची अवस्था आहे. ती कशाने झाली ते पुढे ओघाने येईल. ओघ जरा मोठा आहे, तेव्हा चष्मा लाव, पाय वर घे आणि मगच पुढे वाच.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? झोप नीट लागते का? शेजाऱ्यांचा कुत्रा अजून सगळं जग सोडून तुझ्यावरच भुंकतो का? आणि वजन कसं आहे? हे शेवटचं मी आपलं विचारायचं म्हणून विचारत नाही, मला खरंच माहिती हवी आहे. तू पूर्वी होतीस तेवढीच आहेस ना? कोणा डॉक्टरच्या नादी लागून जेवण अर्धं केलं असशील, सकाळी झपाझप चालायला जात असशील, तर माझ्यासाठी ते तूर्त बंद कर. जाड होऊ नकोस, बारीकही होऊ नकोस. आहेस तशी राहा. असं तुला आजवर कोणी सांगितलं नसेल, पण मी मनापासून सांगतो आहे.

बाबांची तब्येत उत्तम आहे. तुझं नाव ते अजूनही घेत नाहीत. घ्यायची वेळ आलीच तर 'ती' म्हणतात आणि तुझ्या गावाच्या दिशेला हनुवटी करतात. (मागे आमच्या हिच्या आत्याबद्दल बोलताना चुकून 'ती' म्हणाले, मग स्वतःच गोंधळले आणि हनुवटी घाईघाईने दुसरीकडे फिरवली.) तुमच्या दोघांच्या भांडणासारखं भांडण आपण उभ्या आयुष्यात ऐकलं नाही, असं ही म्हणते. ही बाहेरून आलेली, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घरात जन्मलेली नाही, त्यामुळे तिला ते कळणं कठीणच. तू तर त्याच घरात वाढलीस. पाहुणा दारात आला की चपला काढून आधी आजोबांच्या काट्यावर उभा राहायचा, मग त्याला पाणी. जायच्या दिवशी पुन्हा काट्यावर, मग निरोप. वजन वाढलेलं असलं तर पाहुणचार नीट झाला. घटलेलं असलं तर पिशवी परत आत न्यायची आणि पाहुण्याला आणखी ठेवून घ्यायचं. (हिच्या मावसभावाला आपण असं किती दिवस अडकवून ठेवलं होतं, आठवतं? बिचाऱ्याचं पोट बिघडलेलं होतं, वजन वाढणार कुठून.) तर त्या दिवशी तू काट्यावर चढलीस, दांडीकडे पाहिलंस आणि दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, "दादा, हा काटा कमी दाखवतो रे." बाबा म्हणाले, काटा बरोबर आहे, तू बारीक झाली आहेस. तू म्हणालीस, मी अजिबात बारीक झालेली नाही. कमी वजन दाखवलं म्हणून तावातावाने भांडणारी बाई जगात तू एकटीच असशील, आत्या. पण काटा आजोबांचा होता, आणि बाबांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की तुझी पिशवी आत न्यायचंही त्यांना सुचलं नाही. तू ती उचललीस आणि आल्या पावली निघालीस. जातानाचं वजनसुद्धा करू दिलं नाहीस. बाबा तुझ्या मागे दारापर्यंत आले होते, ते तुला पाठमोरी असल्यामुळे दिसलं नसेल. असो. हे पत्र त्याबद्दल नाहीच. हे पत्र माझ्या गाडीबद्दल आहे.

मला स्पोर्ट्स कार हवी होती हे तुला ठाऊक आहे. सुट्टीत तुझ्याकडे आलो की जिन्याच्या पायरीवर बसून मी ताटाचं स्टेअरिंग फिरवायचो आणि मागच्या पायरीवर प्रवासी म्हणून तूच बसायचीस. (तेव्हाही तू मध्येच 'हळू रे' म्हणायचीस. जिना जागचा हलत नव्हता तरी.) ते वेड वयाबरोबर जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण वय एकटंच गेलं. यंदा ठरवलं की गुडघे पुरते कुरकुरायला लागायच्या आत ही हौस भागवायची. आणि गाडी मागच्या चाकांनी चालणारीच हवी, हा माझा हट्ट. साध्या गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात, म्हणजे घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात सगळी कामं, आणि मागची दोन नुसती फरपटत येतात. (आपल्या घरात फरपटत येणारं कोण, यावर हिचं एक मत आहे. ते इथे देत नाही.) खऱ्या गाडीत मागची ढकलतात आणि पुढची वळतात. हे मी बाबांना भीत भीत सांगितलं. ते नाही म्हणतील म्हणून पुढची उत्तरंही तयार ठेवली होती. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, कामाची वाटणी आहे, बरं आहे. तयार ठेवलेली उत्तरं सगळी फुकट गेली.

जुनी, मागच्या चाकांची आणि शिवाय माझ्या ऐपतीत बसणारी स्पोर्ट्स कार शोधायला बाहेर पडलं की माणसांवरचा विश्वास आधी उडतो, गाड्यांवरचा नंतर. विकणारे सगळे एकच लिहितात: जपून वापरलेली, फक्त रविवारी काढलेली. पहिली गाडी पाहिली तेव्हा लोकांचे रविवार किती दांडगे जातात ते कळलं. तिचा पुढचा बंपर दोरीने बांधला होता, आणि मालक म्हणत होता, दोरी नवी आहे. दुसरी एका दातांच्या डॉक्टरांची. बाहेरून इतकी चकचकीत की मी खिशातून हात बाहेर काढलाच होता, तेवढ्यात बाबांनी पायाखालचा गालिचा उचलला आणि खाली सरळ रस्ता दिसला. डॉक्टर जराही न डगमगता म्हणाले, तेवढं भरून घ्या, बाकी मूळ पक्कं आहे. तिसऱ्या गाडीचं इंजिन आम्ही पोहोचायच्या आधीपासून चालू होतं आणि आम्ही निघालो तरी चालूच होतं. बंद करून दाखवा म्हटलं तर मालकाने विषय बदलला. (तो अजून तिथे उभा राहून पेट्रोल ओतत असेल असं मला कधीकधी जेवताना वाटतं.) शेवटी एका ग्रंथपालांची गाडी मिळाली. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलेला हा गृहस्थ, आणि गाडीचा सायलेन्सर असा की गल्लीतल्या खिडक्या थरथराव्यात. म्हणूनच विकत होते. बोलणं मात्र सगळं कुजबुजत. दोन दारं, लांब नाक, रंग एके काळी लाल. कुजबुजतच त्यांनी सांगितलं की या गाडीचं वजन पुढे-मागे अगदी अर्धं अर्धं वाटलेलं आहे.

हे वाक्य त्यांनी बाबांसमोर बोलायला नको होतं. बाबांचे कान टवकारले. कोणी मोजलं, त्यांनी विचारलं. पुस्तकात लिहिलंय, ग्रंथपाल म्हणाले. "पुस्तकात," बाबा म्हणाले, आणि दुकानातून आणलेली पाणसळ, ती बुडबुड्याची काचनळी, मांडीवर आडवी धरून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मग आम्ही गाडी चालवून पाहिली. मी वळणं घेत होतो, बाबा रस्त्याकडे ढुंकूनही न बघता बुडबुडा कुठे सरकला ते सांगत होते, आणि ग्रंथपाल मागे बसले होते. मागची सीट म्हणजे शिंप्याने उरलेल्या कापडात कसंबसं भागवावं तशी. त्यात ते शिरले कसे ते त्यांनाही सांगता येईना, आणि बाहेर काही येता येईना. सौदा त्यांनी तिथूनच, गुडघे कानाशी घेऊन केला, आणि तो चांगलाच खाली आला, कारण भाव ठरल्याशिवाय बाबा आपली सीट पुढे सरकवायला तयार नव्हते. गाडी माझी झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानाचं अंगण झाडून घेतलं. चार चाकांखाली चार काटे लावून पुस्तकाचा खरेखोटेपणा बघायचा होता. दुरुस्त होऊन पडलेले मोठे काटे तीनच निघाले. चौथा म्हणून बाबांनी दारातला आजोबांचा काटा स्वतः ओढत आणला आणि मागच्या डाव्या चाकाखाली ठेवला. (तिथेच का? तर म्हणाले, इंजिनापासून लांब, जरा निवांत जागा आहे.) फळ्या लावून गाडी वर चढवली. कमर पहिल्यांदा बोलली ती तिथे. मग चारही काट्यांवर गाडीच्या चौथ्या हिश्शाएवढं वजन लावलं. तीन दांड्या समोरासमोर एका रेषेत थांबल्या. चौथी, आजोबांच्या काट्याची, केसभर खाली राहिली. म्हणजे त्या चाकावर वजन कमी. वर दांडीत केसभर म्हणजे खाली फळीवर किती, हे तुला मी सांगायला नको. बाबांनी गाडीला दोष दिला. मग ग्रंथपालांना, मग पुस्तकाला, मग ते छापणाऱ्याला. आता दुसऱ्या कोणाचा काटा असता तर बाबांनी आधी काय केलं असतं? दोन काट्यांची अदलाबदल. खोट काट्याबरोबर जाते की मालाबरोबर राहते, हे बघणं हा आपल्या धंद्यातला पहिला धडा, तुम्ही दोघं भावंडं तो बोलायला शिकायच्या आधी शिकला असाल. पण समोर आजोबांचा काटा होता. बाबांनी अदलाबदलीचं नावही काढलं नाही, आणि मीही नाही.

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मिस्त्री मॉडिफिकेशन म्हणत होता. मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक. माणूस हौशी, पण वेगाचा भुकेला. त्याचे आणि माझे बेत जुळले होते: स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीसरशी आणायची, टायर रुंद घालायचे, नको ते सगळं काढून गाडी हलकी करायची. स्प्रिंगा आखूड झाल्या, तेवढ्यात बाबा यादी न करता, नुसत्या बोटाने दाखवत मध्ये पडले आणि गाडी पुन्हा अंगणातल्या काट्यांवर चढली. जगभर लोक असल्या गाडीतून वजन काढतात, आत्या. माझ्या गाडीत ते भरलं. पुढची बॅटरी उचलून डिकीत डाव्या कोपऱ्यात नेली. आजोबांचा काटा जागचा हलला नाही. जादा चाक डावीकडे सरकवलं. नाही. वाळूची पिशवी आली. जरासा फरक. मग बाबांनी दुकानातली शिक्के मारलेली लोखंडी वजनं एकेक करून मागच्या डाव्या सीटवर रचायला सुरुवात केली. मिस्त्री कपाळाला हात लावून बघत होता. मीही लावला, कारण गाडी आता मागून खाली बसली होती आणि पुढून आकाशातलं काहीतरी हुंगत होती. शेवटचं वजन ठेवलं तशी दांडी रेषेत आली. बाबांनी रचलेल्या वजनांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात दोनदा बेरीज केली. मग म्हणाले, "हे तर बरोबर तिचं वजन आहे." आणि हनुवटी तुझ्या गावाकडे केली.

तू आल्यासारखंच झालं म्हणायचं. बाबांनी वजनांना सीटचा पट्टा लावला. उन्हाने लोखंड तापतं म्हणून त्यावर जुनी शाल घातली. तापलेल्या लोखंडाने कोणाचं काय बिघडत होतं ते मी विचारलं नाही. रस्त्याने जाताना मागे कोणी बाई झोपली आहे असं वाटून लोक हॉर्न वाजवायचे थांबत. बाबा मागेच, वजनांच्या शेजारी उजव्या सीटवर अंग चोरून बसत आणि अधूनमधून शाल सारखी करत. माझं आसन म्हणशील तर मिस्त्रीने शर्यतीच्या गाडीतली खोलगट सीट बसवली होती, ती इतकी खाली की शेजारच्या गाड्यांची मला फक्त पोटं दिसत. तिच्यातून बाहेर येताना आधी एक हात रस्त्यावर टेकायचा, मग दुसरा, मग आजूबाजूला ओळखीचं कोणी आहे का ते बघायचं. कमरेची खरी वाट तिनेच लावली. आणि एवढं करून गाडी सरळ चालत नव्हती. चारही चाकांवर सारखं वजन, दांड्या रेषेत, पाणसळीला साक्ष ठेवून, आणि तरी प्रत्येक वळणावर मागचा डावा कोपरा बाहेर पळायचा. बाबा म्हणत, चालवणारा नीट नाही. ही म्हणे, बसणारेही नीट नाहीत.

मग तो गोल चौक. रस्ता नुकताच कोणीतरी धुतला होता, मी मधल्या बेटाला वळसा घालायला घेतला आणि मागच्या चाकांनी ढकलायचं सोडून पुढे यायचं मनावर घेतलं. पहिली फेरी आम्ही नाकासमोर मारली, दुसरी आडवी, तिसरी पाठीमागे. ही शांतपणे म्हणाली, आपण जातोय की येतोय तेवढं एकदा ठरवा. मी हँडब्रेक, क्लच, स्टेअरिंग आणि आठवतील तेवढ्या थोरामोठ्यांना एकदमच पकडलं होतं. आरशात पाहिलं तर बाबांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी शालीला घट्ट मिठी मारली होती. सख्खा मुलगा पुढे बसलाय, सून बसलीय, आम्हाला धरायचं त्यांना सुचलं नाही. गाडी थांबली ती वाहतूक पोलिसाच्या बरोबर समोर, त्याला बघायला सोपं जावं अशी.

पोलीस वाकून म्हणाला, आजींना लागलं नाही ना? बाबा म्हणाले, त्या आजी नाहीत. पोलिसाने शाल उचलली. एवढं लोखंड, त्यावर शिक्के, आणि त्याला पट्टा लावून शाल पांघरलेली, हे बघितल्यावर कोणाच्याही मनात यावं तेच, म्हणजे चोरीचा माल, त्याच्या मनात आलं. बाबांनी त्याला वजनांचे शिक्के, काट्यांची दुरुस्ती, ग्रंथपाल, पुस्तक असं सगळं पहिल्यापासून समजावलं, आणि समजावता समजावता त्याच्या अंगाकडे नजर टाकून त्याचं वजनही सांगितलं. (सवय. तुलाही आहे.) ते बरोबर निघालं असावं, कारण पोलीस चांगलाच चिडला. दुकानाचा परवाना दाखवेपर्यंत वजनं चौकीत जमा, वाळू जमा, आणि तुम्ही हळू घरी जा, असा निकाल त्याने दिला. वजनं उतरवताना बाबा प्रत्येकाला खालून हात देत होते.

आणि आत्या, घरी येताना गाडी सरळ आली. काय सांगू तुला. वळणावर नुसतं मनात आणावं आणि तिने वळावं, मागून कोणीतरी पाठीवर हात ठेवून चल म्हणावं. जिन्याच्या पायरीवर ताट फिरवताना गाडी जशी चालायची ना, अगदी तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि कमर दुखतेय असं सांगून मी ते पुसलं. मागे बाबांच्या हातात पाणसळ होती. बुडबुडा मधोमध थांबला होता, मी आरशात पाहिला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, हवा बदलली असेल.

काट्यांची अदलाबदल करून बघा, असं शेवटी ही म्हणाली. तिने ते अगदी सहज, भाजी निवडताना म्हणावं तसं म्हटलं, आणि मी आधी बाबा ऐकत नाहीत ना ते दाराबाहेर वाकून बघितलं. दुपारी बाबा आडवे झाल्यावर आम्ही दोघांनी डिकी रिकामी केली, बॅटरी पुढे नेली, गाडी पुन्हा काट्यांवर चढवली, जॅक लावला आणि आजोबांचा काटा मागच्या डाव्या चाकाखालून काढून पुढच्या उजव्या चाकाखाली सरकवला. (कमर इथे पुन्हा बोलली आणि त्यानंतर ती सतत बोलतेच आहे.) वजन लावलं. मागची डावी दांडी रेषेत आली. पुढची उजवी केसभर खाली. खोट काट्याबरोबर चालत गेली होती. वर जेवढा बोजा मोठा तेवढी खोटही मोठी. तू चढलीस तेव्हा ती चार दिवसांच्या उपासाएवढी होती, गाडी चढली तेव्हा ती अख्खी तुझ्याएवढी झाली. तू म्हणालीस तेच बरोबर होतं. आम्ही दोघांनी क्षणभर आनंदाने एकमेकांकडे पाहिलं आणि मागे वळलो तर बाबा दारात उभे, बनियनवर, चष्मा कपाळावर.

ते आले, वाकले, दांडीकडे बघितलं. मग तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा दांडीला हात लावला. "किती वर्षं?" असं म्हणाले, आम्हाला नाही, काट्यालाच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, येताना कमी दाखवलं तसं जातानाही कमीच दाखवलं, म्हणजे पाहुणचाराचा मेळ बरोबरच राहिला की. कोणावर अन्याय झाला नाही. बाबा म्हणाले, "तिचा कुठे राहिला? तिचं जातानाचं झालंच नाही." आणि आत निघून गेले. त्या दिवशी ते चहालाही बाहेर आले नाहीत. आत्या, मी त्यांना रागावलेलं खूप वेळा बघितलंय, पण असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर आजोबांच्या काट्यावर कापड टाकलेलं आणि बाबा मिस्त्रीच्या गॅरेजात. तिथे त्यांनी जाहीर केलं की गाडीला मागे डावीकडे वजन लागतंच. खोट काट्यात होती हे डोळ्यांनी बघूनही! मिस्त्री म्हणाला, अहो, मग वजनं सोडवून आणा चौकीतून. बाबा म्हणाले, वजनं नकोत, माणूस बसेल असं कर. ग्रंथपाल अडकलेली ती सीट उखडली. तिच्या जागी पाठ टेकेल अशी रुंद सीट आली. गुडघा लांब करता यावा म्हणून माझी सीट इतकी पुढे ढकलली की मी आता स्टेअरिंग छातीने फिरवतो. आखूड केलेल्या स्प्रिंगा काढून पुन्हा उंच घातल्या, कारण खाली वाकून बसलं की 'गुडघेदुखीच्या माणसाला' उठता येत नाही. सायलेन्सर बदलला, कारण आवाजाने 'काही जणांचं' डोकं चढतं. वर धरायला कडी बसवली. चढायला बाहेर पायरी लावली. स्पोर्ट्स कारला पायरी, आत्या! मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि मी आपला स्प्रिंगा गेल्या म्हणून रडत होतो. हे सगळं कोणासाठी चाललंय ते मला हिने कोपराने ढोसल्यावर कळलं. विचारलं तर बाबा म्हणतात, गाडीचा तोल आहे, त्यात नात्याचा काय संबंध.

असो. तर असं सगळं चाललं आहे. बाकी नवीन विशेष काही नाही. पत्र आपलं खुशाली कळावी म्हणून लिहिलं, काम असं काही नाही. गुडघ्याला जप, कुत्र्याला लांबून काठी दाखव, आणि जेवत जा.

तुझा,
पुढच्या पायरीवरचा ड्रायव्हर

ता. क. काम आहे. गाडीची किल्ली बाबांकडे आहे. मागच्या डाव्या सीटवर योग्य वजन बसल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सांगितलंय, आणि योग्य वजन म्हणजे किती ते विचारलं की हनुवटी करतात. मी रोज जाऊन उभ्या गाडीत बसतो आणि तोंडाने आवाज काढतो. शेजारची पोरं बघायला येतात. आत्या, हात जोडतो, ये. जेवढी असशील तेवढी ये.

ता. क. दुसरा. मी लिहिलं हे बाबांना कळू देऊ नकोस. सहज आले म्हण. हे पाकीट मी दुकानाच्या टपालात, बिलांच्या खाली लपवून ठेवतो आहे, म्हणजे त्यांच्या नजरेला पडणार नाही.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा.

चिमणे,

दुकानाचं टपाल मी वजन केल्याशिवाय पाठवत नाही, हे हा गाढव विसरला. दुकानातल्या काट्यावर केलं, घरच्या नाही. पाकिटावर तिकीट कमी होतं. एवढे कागद कशाने भरले ते बघायला उघडलं.

गाडीचं त्याने वाढवून लिहिलंय. मी वजनांना मिठी वगैरे मारलेली नाही, पडू नयेत म्हणून धरली होती. गाडी सरळ चालते. मागे डावीकडे कोणी बसायची काही गरज नाही. हे मला चौकातून घरी येतानाच कळलं होतं, पाणसळ माझ्याच हातात होती. किल्ली मी उगाच ठेवून घेतली आहे.

काटा कमी दाखवतो. तू बारीक झाली नव्हतीस.

तो काटा मी दुरुस्तीला अजून उघडलेला नाही. दांडी एकाने धरायची आणि दुसऱ्याने खालून बसवायची, असं आपल्याला लहानपणी शिकवलं होतं, आणि धरायचं काम नेहमी तुझ्याकडे असायचं. मला एकट्याला ते जमणार नाही.

ये. या वेळी आधी पाणी देईन.

दादा